पोळ्याच्या दिवशी न ओढलेला नाडा

मी एक जुना नाडा आहे. हसू नका मित्रांनो, परकरातला नव्हे! विहिरीतून पाण्याची मोट वर खेचतात, तो मनगटाएवढा जाड दोर म्हणजे नाडा. आता मी अमरावतीच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याच्या कारखान्यात, खुंटीवर टांगलेला असतो. अंगावरचे धागे सुटले आहेत. पण मला धरणारे हात मी विसरलेलो नाही, आणि त्यातले सरोजिनीबाईंचे हात तर मुळीच नाही.

माझा जन्म शहराला लागून असलेल्या एका खेड्यात, पुंजाराम नावाच्या शेतकऱ्याकडे झाला. त्याने कपाशीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, अंबाडी पेरली होती. तिच्या पानांची भाजी घरच्यांनी खाल्ली आणि उरलेली ताटे नाल्याच्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवली. तिथे मी कुजलो. मग मला झोडपले, सोलले, धुतले, उन्हात वाळवले. पुंजारामने एका टोकाला आणि त्याच्या बायकोने, गोदाबाईने, दुसऱ्या टोकाला बसून मला पीळ दिला. इतके सोसल्यावर कुठे मी दोर झालो.

त्यानंतर मी मोटेवर लागलो. बैलजोडी उतरणीवर चालली की मी ताठ होई, मोट वर येई आणि संत्र्याच्या झाडांना पाणी मिळे. बैल परतले की मी सैल पडे. ताठ आणि सैल, ताठ आणि सैल, असे माझे तारुण्य गेले. पुंजाराम लोकांना सांगे, "असा नाडा उभ्या गावात नाई!" मला फार अभिमान वाटे. पण चाकावर घासून घासून माझे एक टोक झिजले. एके दिवशी पुंजारामने विळ्याने ते टोक कापून टाकले. मोटेला मी आखूड पडू लागलो. नवा नाडा आला आणि मी गोठ्यात एका कोपऱ्यात जाऊन पडलो.

तिथून मला सरोजिनीबाईंनी बाहेर काढले.

सरोजिनीबाई मुलींच्या शाळेत शिकवत असत. जिनाचा हंगाम कापूस आल्यावर सुरू होई. पावसाळ्यात ते मोठे आवार रिकामेच असे. बाईंनी जिनाचे मॅनेजर केशवराव यांच्याकडून दर रविवारी ते मागून घेतले आणि मुलांचे 'रविवार मंडळ' सुरू केले. पेठेतल्या वकील-मास्तरांची मुले येत, तशी जवळच्या खेड्यातली शेतकऱ्यांची मुलेही येत. पुंजारामचा मुलगा चंद्रभान त्यांच्यातच होता. त्याच्याकडून बाईंना माझा पत्ता लागला.

"घेऊन जा बाई," पुंजाराम म्हणाला. "पण याले ओलं टाकून ठेवू नका. बैलाच्या बरोबरीनं काम केलं हाय यानं."

मित्रांनो, खेळ म्हणजे मुले सोडली की झाले, असे मला वाटे. तसे नसते हे मी बाईंकडे पाहून शिकलो. शनिवारी संध्याकाळी त्या जिनाच्या ओट्यावर बसत. शेजारी चौकीदार नत्थुजी तंबाखू मळत बसे. मग दोघांची बोलणी चालत. दर रविवारी एक नवा विषय असे. कधी कौंडण्यपूरची जत्रा भरे आणि डोळे बांधून, मला धरून धरून, हरवलेला सोबती शोधायचा असे. कधी माझा वेढा म्हणजे बाळापूरचा किल्ला होई. एकदा पूर आला, म्हणजे मला दुहेरी पसरून माझ्यामध्ये नदी झाली आणि चार विटांवरून दोन्ही संघांना पाण्याचा हंडा पलीकडे न्यायचा होता.

"बाई, पूर म्हणता अन् पाणी तं हंड्यातच हाय!" नत्थुजी म्हणाला.

"तुम्ही पडून दाखवा, म्हणजे येईल बाहेर."

पडल्या मात्र बाईच. कारण कोणताही खेळ मुलांना देण्याआधी त्या पदर खोचून स्वतः खेळून पाहत. विटा फार लांब आहेत हे त्यांना चिखलात बसल्यावर समजले. हंडा डोक्यावर पालथा. नत्थुजी तंबाखू विसरून हसत राहिला. त्याही हसल्या, उठल्या आणि विटा जवळ सरकवल्या. खेळ ठरला की त्या शेवटी एकच प्रश्न विचारत, "यात आपल्या ताराला काय काम?" तारा ही मंडळातली सगळ्यांत लहान मुलगी, पाच वर्षांची. ताराला नुसते कडेला उभे राहावे लागत असेल, तर तो खेळ कितीही चांगला असो, बाई तो सोडून देत. इतका विचार मी मोठमोठ्या कारभाऱ्यांनाही करताना पाहिलेला नाही.

पण एक गोष्ट बाईंना जमत नव्हती. त्या चिठ्ठ्या टाकून संघ पाडत, तरी पेठेतली मुले एकीकडे आणि खेड्यातली दुसरीकडे, अशी ओढ राहतच असे. पेठेतल्या मुलांचा म्होरक्या होता वकिलांचा उद्धव. किल्ल्याच्या रविवारी त्याचे आणि चंद्रभानचे चांगलेच जुंपले. ढकलाढकलीत जिनाची कोरी गोणपाटे चिखलात गेली. केशवराव धोतर सावरत धावत आले.

"सरोजिनीबाई, हे जिन आहे, आखाडा नव्हे! पोळ्याच्या दिवशी तुमचा सामना आहे ना? त्या दिवशी एक जरी भांडण झालं, तरी फाटकाला कुलूप. मग मंडळ तुमच्या घरी भरवा."

बाईंचे घर दोन खोल्यांचे. कुलूप लागले तर मंडळ संपले, हे बाईंना ठाऊक होते आणि मलाही.

पोळ्याचा दिवस त्यांनी मुद्दाम निवडला होता. शाळेला सुट्टी असते आणि शेतकऱ्यांनाही फुरसत असते. दुपारी रस्सीखेच घ्यायची आणि पोळा भरायच्या वेळी सगळ्यांनी तिकडे जायचे, असा बेत होता. त्या दिवशी बैलाला जुंपत नाहीत, हे बाईंना माहीत होते. वऱ्हाडात ते कोणाला माहीत नसते? पण मीही बैलाचाच आहे, हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

मला आवारात लांब पसरले होते. संघ समोरासमोर उभे राहिले. उद्धवने मला धरले. चंद्रभानने मात्र हात मागे घेतले. आदल्या संध्याकाळी बैलांना जेवणाचे आवतण देताना त्यांच्या खांद्यांना लावलेली हळद अजून त्याच्या नखांत होती.

"बाई, हा नाडा आज नाई ओढाचा."

"का रे?"

"मोटेचा नाडा हाय तो. आज बैल सुटा, तं त्याचा नाडाबी सुटा. आमच्या घरी आज कासराबी कोणी ओढत नाई."

खेड्यातल्या बाकीच्या मुलांनीही हात मागे घेतले.

"हरायची भीती वाटते, तर तसं सांग ना!" उद्धव ओरडला. "म्हणे नाडा सुटा!"

"तुले भेतो का मी? उद्या ये मळ्यात. तुलेच मोटेले लावतो, पाह्य कसं पानी निंघते ते!"

मुले हसली. पण कोणीतरी मागून "खेडवळ!" म्हणाले आणि हसू थांबले. चंद्रभान वळला. त्याच्यामागे त्याचे सोबतीही फाटकाकडे निघाले. फाटकाशी केशवराव हातात कुलूप घेऊन उभे होते.

नत्थुजी बाईंच्या कानाशी लागला, "बाई, जिनातला दुसरा दोर आणू का?"

"दोर मिळेल, नत्थुजी. पण आता ही पोरं ओढतील ती रागानं." बाई माझ्याजवळ खाली बसल्या. थोडा वेळ त्यांनी माझ्यावर हात ठेवला. मग त्यांनी हाक मारली, "चंद्रभान! ओढायचा नाही, कबूल. चूक माझी. पण उचलला तर चालेल?"

चंद्रभान थांबला. डोके खाजवत म्हणाला, "उचलाले काय होते? जू तं आमीबी उचलतोच, धुवाले न्याले."

"मग आज याला पोळ्यात नेऊ. पण पैज ऐका! दोन संघ नाहीत, एकच. नाडा इथून पोळ्यापर्यंत सगळ्यांनी मिळून न्यायचा. कुठंही जमिनीला टेकता कामा नये आणि कुठंही ताठ होता कामा नये. टेकला किंवा ओढला गेला, तर पुन्हा पहिल्यापासून. नत्थुजी पंच."

"हे काय, सोपं आहे!" उद्धव म्हणाला आणि पुढचे टोक धरून तरातरा निघाला. चार पावलांत मी ताठ झालो.

"ओढला! ओढला!" मागची मुले ओरडली.

"मांगं या!" नत्थुजीने हुकूम सोडला. "वकिलाच्या पोट्ट्या, आगगाडी हाय का हे?"

दुसऱ्यांदा मधली मुले मागे राहिली आणि मी त्यांच्या हातून निसटून डबक्यात पडलो. तिसऱ्यांदा उद्धव इतका हळू चालला, की मागचे त्याच्या पाठीवर जाऊन आदळले. आता दोष कोणाचा हे सांगता येत नव्हते, कारण सगळ्यांचाच होता. शेवटी उद्धवच म्हणाला, "ए चंद्रभान, पुढून मला मागचं काही दिसत नाही. तू मध्ये राहा आणि ओरडून सांग."

"सांगतो. पन आपन ताराच्या चालीनं चालू. तिचं पाऊल पडन तसं साऱ्यायचं."

तारा माझ्या मध्यावर, दोन्ही हात वर करून मला धरून होती. ती "एक… एक…" म्हणे, कारण पुढचे आकडे तिला घाईत आठवत नसत. त्या तालावर सगळे चालू लागले. मित्रांनो, मी आयुष्यभर ताठ होऊन काम केले होते. ताठ असताना सगळे हात मला सारखेच वाटत. त्या दिवशी सैल झुलताना मला पहिल्यांदा एकेक हात निराळा कळला. उद्धवच्या बोटांना शाईचा वास होता, चंद्रभानच्या हातांना हळदीचा, आणि ताराचे तळवे घामाने ओले होते.

पण मी होतो लांब आणि मुले पडली कमी. माझे शेपूट मागे लोंबत होते. ते वर घ्यावे तर मधे ओढ बसे. फाटकातून बाहेर पडताना ते अगदी चिखलावर आले.

"अरे, शेपूट! शेपूट टेकतंय!" केशवराव ओरडले. राहवले नाही त्यांना. कुलूप कोटाच्या खिशात कोंबून त्यांनी वाकून माझे शेपूट दोन्ही हातांनी उचलले. "घ्या आता कोणीतरी."

"सोडू नका साहेब!" चंद्रभान ओरडला. "नाई तं पुन्हा पयल्यापासून करा लागन!"

"अहो, पण फाटक…"

"केशवकाका, सोडू नका!" हे उद्धव.

"एक…" तारा म्हणाली आणि पाऊल उचलले.

केशवराव निघाले. धोतराचा सोगा चिखलात, तोंडाने "सावकाश, सावकाश, ताठ होतोय!" आणि मागे फाटक सताड उघडे. बाई कडेने चालत होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

गावाच्या आखरावर, म्हणजे गुरे जमतात त्या मोकळ्या जागेवर, बैल झुली घालून ओळीने उभे होते. पुंजारामने आम्हाला येताना पाहिले आणि तो पूजेचे ताट घेऊन पुढे आला. आधी त्याने मला निरखून पाहिले. मग कुंकवाचे बोट माझ्यावर टेकवले.

"आला का बाप्पा? काल बैलायले जेवाले बलावलं, तुले बलावाचं राह्यलंच होतं." आणि माझ्या शेपटापाशी पोचल्यावर तो थबकला. "मॅनेजरसाहेब! तुमालेबी बांधून आनलं का या पोट्ट्यायनं?"

सारा पोळा हसला. केशवरावही हसले. हात मोकळे झाले तरी कुलपाचे नाव त्यांनी काढले नाही. पुढच्या शनिवारी ते ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "मग? उद्या काय आहे?"

त्या रविवारी मला ओढले. उद्धवचा संघ जिंकला. चंद्रभान धूळ झटकत म्हणाला, "आज पोळाबी नाई अन् बहानाबी नाई. हारलो बापा!" आणि उद्धवने त्याला हात देऊन उठवले.

बरीच वर्षे मंडळ चालले. मग बाईंची बदली अकोल्याला झाली. जाताना मुलांनी मला त्यांच्याबरोबर द्यायचे ठरवले, पण त्या म्हणाल्या, "नाडा इथलाच. मी तिथं दुसरा शोधीन." पुढे लढाईचे दिवस आले, मुले मोठी झाली, नत्थुजी वारला. मला कोणीतरी ओल्या गोणपाटांखाली टाकून दिले. उंदरांनी कुरतडले, बुरशी चढली. पुंजारामचे सांगणे कोणालाच आठवले नाही. त्या काळात मी कोणावर रागावलो नाही, पण वाईट फार वाटले.

गेल्या आषाढात एका तरुण बाईने मला बाहेर ओढले. ती तारा होती. तिने बुरशी झटकली, मला कडुनिंबाच्या फांदीवर वाळवले आणि सुटलेले पदर बसून बसून गुंफले. आता रविवारी पुन्हा मुले येतात. पहिल्याच दिवशी दोन दांडगट पोरे मला खेचायला धावली, तेव्हा ताराने त्यांना अडवले. माझ्यात आता तेवढा जोर उरलेला नाही, हे तिच्या हातांनी ओळखले होते.

मित्रांनो, तुमच्या खेळाच्या वस्तूही तुमच्याबरोबर राबतात. खेळ संपला की त्यांना चिखलात टाकून घरी पळू नका. पुसा, उन्हात वाळवा, सैल गुंडाळून खुंटीला लावा. एखादा पदर तुटला तर लगेच गुंफा, मग गुंफायला वेळ मिळत नाही. या पोळ्यालाही मुले मला नेणार आहेत. दोघातिघांचे काम नाही ते. मी म्हातारा झालो तरी जड आहे. तुम्हीही या. मधे कुठेतरी जागा असेल, तिथे धरा, आणि शेजारचा कसा चालतो आहे ते बघून पाऊल टाका.