डेल्फिनबायचं बोलणं

प्लासिडची फिल्म भुईगावात पहिल्यांदा दाखवायची ठरली ती १९८६च्या जानेवारीत, आणि आदल्या दिवशी दुपारी डेल्फिनबाय त्याच्या ओट्यावर येऊन बसली.

"माझं बोलणं त्यातून काढ," ती म्हणाली.

प्लासिडने चाळिशी ओलांडली होती. नोकरी सोडल्यापासून तो अशाच फिल्म काढत आला होता. त्या मुंबई-पुण्यात वीस-पंचवीस माणसांसमोर लागत, नंतर चहा होई, चर्चा होई, आणि कुठे काही बदलत नसे. ही फिल्म मात्र गावच्या विहिरींवर होती. गावातल्याच आलोशियसचे टँकर वाड्यांमधलं पाणी उपसून बांधकामांना विकत होते आणि विहिरी खारट होत चालल्या होत्या. टँकर कोणीही दाखवले असते. पण कॅमेऱ्यासमोर बसून 'आमची विहीर खारी झाली' म्हणणारी गावात एकटी डेल्फिनबाय निघाली. सगळी फिल्म तिच्यावर उभी होती. ती बघून गावाने टँकर बंद करायचा ठराव करावा, एवढ्यासाठी प्लासिडने फादरकडून चर्चचा हॉल मागून घेतला होता.

"तूच म्हणालीस ना, लपवायचं काय त्यात?"

"तेव्हा ग्रेसीचं जमलं नव्हतं. आता पलीकडच्या गावच्या सॅन्टनच्या मुलाशी जमलंय. चर्चमध्ये दोन रविवार लग्नाची पुकार झाली, एक राहिलीय. मला मुलगा नाही, वाडी तिच्याबरोबर जाणार. खारी वाडी कोण पदरात घेईल?"

"सॅन्टन वाडी बघून गेला ना? पाणी नाही प्याला?"

"शहाळं दिलं."

प्लासिडला हसू आलं. तिला नाही आलं.

"बघतो," तो म्हणाला.

"तुझं बघतो नको. तुझ्या आईलाही तुझ्या लग्नाचं बघतोच म्हणालास. बिचारी वाट बघत गेली. तू आणखी फिल्म काढशील बाबा, मला पोरगी एकच आहे."

ती गेल्यावर तो आत गेला. त्याने डब्यातून प्रिंट काढली. एकुलती एक प्रिंट, दुसरी काढायची ऐपत नव्हती. खिडकीच्या उजेडात फिल्म धरून त्याने डेल्फिनबायचा चेहरा सुरू होतो तिथे आणि संपतो तिथे कात्री लावली आणि टोकं जोडून टाकली. इतकी वर्षं तो चित्र आणि आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांवर कापत आला होता. तयार प्रिंटवर दोन्ही एकाच पट्टीवर असतात आणि आवाज चित्राच्या सेकंदभर पुढे छापलेला असतो, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. पण त्या दिवशी त्याला फक्त काम उरकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉल भरला. पुढच्या बाकांवर सॅन्टन आणि त्याचे पाहुणे होते, बायकांच्या बाजूला ग्रेसीला घेऊन डेल्फिनबाय. पडद्यावर वाड्या आल्या, रहाट आले, मग पाणी भरत उभा असलेला टँकर आला, आणि त्या टँकरवर, चेहरा नसलेला, एका बाईचा आवाज आला, "आमची विहीर खारी झाली..."

तिथे आवाज तुटला.

डेल्फिनबायचं पहिलं वाक्य कात्रीच्या अलीकडे, आधीच्या चित्राच्या कडेला राहून गेलं होतं.

फिल्म संपून दिवे लागले तसा सॅन्टन मागे वळला. "फिल्म बरी आहे. पण ती बाई कोण बोलली? कोणाची विहीर?"

डेल्फिनबायच्या आळीतल्या बायकांनी आवाज ओळखला होता. त्या मांडीवरच्या पोरांची टोपडी सारखी करू लागल्या. डेल्फिनबाय समोरच्या बाकाची पाठ घट्ट धरून बसली होती.

"माझी आई," प्लासिड म्हणाला. "जायच्या आधी घेतला होता आवाज."

आजवर त्याने फिल्ममध्ये एकही खोटं वाक्य घातलं नव्हतं.

"म्हणजे विहीर तुमचीच!" आलोशियस मागून मोठ्याने हसला. "आता कळलं. बापाने बांधावरून आमच्याशी कोर्ट केलं, मुलगा सिनेमा करतो. ह्याच्या घरचं भांडण आहे हो, गावाचं काय त्यात?"

"एकाच विहिरीवर एवढी मोठी फिल्म?" कोणीतरी म्हणालं, आणि लोक हसत हसत उठले. ठरावाचा विषयच निघाला नाही. डेल्फिनबाय दारातून बाहेर पडली तेव्हा प्लासिडने मान वर केली. तिने ग्रेसीचा हात धरला होता आणि ती खाली बघून पायरी उतरत होती.

तो वायर गुंडाळत असताना सॅन्टन परत आला. त्याने प्लासिडच्या खांद्यावर हात ठेवला.

"मनावर घेऊ नकोस. आईचा आवाज जपून ठेवलास, हे मला आवडलं. आमच्या लग्नाची फिल्म तूच काढ. नवरीच्या आंघोळीचं पाणी विहिरीवरून वाजतगाजत आणतात ना, तेवढं नीट घे. डेल्फिनबायची विहीर लांब नाही."

"उजेड असला पाहिजे," प्लासिड म्हणाला. "दुपारीच आणा."