पारूबाईंचा भाऊ आणि मी, रबरी नाग

मित्रांनो, मी नाग आहे. जुना आहे आणि रबरी आहे. शेवटची गोष्ट आधीच सांगितलेली बरी, कारण ती लपून राहिल्यामुळे पुढे बराच घोळ झाला.

माझा जन्म कारखान्यातल्या साच्यात झाला. साच्याने मला पिवळा फणा, दोन लाल डोळे आणि कायमचा उघडा जबडा दिला. त्यामुळे मी नेहमी धक्का बसल्यासारखा दिसतो. माझी चारशे भावंडंही तशीच दिसायची, म्हणून मला त्याचं काही वाटलं नाही.

तेलगावकडच्या निवृत्तीकाकांनी मला जत्रेत विकत घेतलं आणि सीताफळाच्या झाडावर बसवलं. काम काय, तर माकडं हाकणं. दोन दिवस माकडं लांब राहिली, शेजारच्या शेतकऱ्यांनी येऊन माझं कौतुक केलं. तिसऱ्या दिवशी एका माकडाने माझं पोट चावून पाहिलं. चौथ्या दिवशी ती सगळी माझ्याच वेटोळ्यावर बसून सीताफळं खाऊ लागली. मग काकांनी पोटाला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलं आणि मला एसटीच्या कामाला जुंपलं. लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. काका मला टाकायचे. एक जागा धरायला जावं, तर अर्धी गाडी मिळायची.

गेल्या नागपंचमीला काका आणि पारूबाई काकू अशाच अर्ध्या रिकाम्या एसटीने परळीला निघाले. काकूंना भाऊ नाही. त्यांच्या लग्नात नवरदेवाचा कान पिळायलाही कुणी नव्हतं. त्याच वर्षी त्यांनी परळीतल्या एका लहानशा नागोबाच्या देवळामागच्या वारुळातल्या नागाला भाऊ मानलं. त्याला चाळीस वर्षं झाली. पंचमीला भावासमोर दूध-लाह्या ठेवल्याशिवाय त्या पाणीसुद्धा पीत नाहीत.

देवळामागे पोचलो आणि काकू जागीच थांबल्या. माझं डोकं पिशवीबाहेर लोंबत होतं, म्हणून मलाही दिसलं. वारूळ नव्हतं. वीज केंद्राच्या राखेपासून केलेल्या विटांची सपाट, करडी फरशी होती आणि वर पाटी होती: नागोबा परिसर सुशोभीकरण.

माझा जबडा उघडाच असतो, पण त्या दिवशी तो प्रथमच मनापासून उघडा होता.

"माझा भाऊ कुठंय?" काकूंनी विचारलं.

देवळाच्या समितीचे अध्यक्ष सुंदरराव पुढे आले. "खालीच हाय की मावशी. चिखल लई व्हायचा, म्हणून परवाच विटा बसवल्या."

"मग त्यो वर कसा येईल?"

सुंदररावांनी फरशीकडे पाहिलं. हा मुद्दा बहुधा बैठकीत निघाला नव्हता.

"काढा त्या विटा."

"आज?" बंकट गुरव दचकले. "पंचमीला भुई खणत न्हाईत, पारूबाई. नागोबाला लागतंय."

मित्रांनो, जरा नीट ऐका. नाग खाली कोंडलेला. त्याला सोडवायचं तर खणायला हवं. आणि त्याला लागू नये म्हणून खणायचं नाही. शंभरेक माणसांना हे पटलं होतं. मी आतून पोकळ आहे, तरी सुन्न झालो.

काकू फरशीवर बसून राहिल्या. श्रावणातलं ऊन चढलं. शुगरची गोळी पदराच्या गाठीत तशीच होती.

"आगं, दोन घोट पाणी तरी पी," काका म्हणाले.

"त्यो तिथं कोंडलाय अन् मी पाणी पिऊ व्हय?"

काका घाबरले. घाबरलेला माणूस काय करेल सांगता येत नाही. लोकांची नजर चुकवून त्यांनी मला पिशवीतून काढलं, फरशीच्या कोपऱ्यात ठेवलं आणि म्हणाले, "आला बघ. तुझा भाऊ आला."

पुढच्या दोन मिनिटांत लोकांनी लांबूनच माझ्यावर चार तांबे दूध ओतलं. हळद, कुंकू, लाह्या वेगळ्या. एका बाईने मुलाच्या नोकरीचं माझ्या कानावर घातलं. मला कान नाहीत. दूध जबड्यातून आत गेलं आणि ठिगळातून बाहेर आलं. "प्यायले, नागोबा प्यायले," कुणीतरी म्हणालं. सुंदररावांनी मला मागे घेऊन फोटो काढला.

काकू वाकल्या. त्यांना ठिगळ दिसलं. त्या उठल्या आणि त्यांनी काकांचा कान धरून पिळला.

"भावाच्या वाटचं राहिलं होतं," त्या हळूच म्हणाल्या.

"पीळ," काका म्हणाले, "पण दोन घास खा."

काकू पुन्हा बसल्या आणि नखांनी एक वीट उचकटू लागल्या.

"पारूबाई, खणू नका," गुरव म्हणाले.

"खणत न्हाई. दार उघडायलेय."

काकाही गुडघ्यांवर बसले. तिसऱ्या विटेखाली बीळ निघालं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग आतून एक डोकं वर आलं. तोंड मिटलेलं.

मी हलत नव्हतो, म्हणून माझ्यावर सगळ्यांची श्रद्धा होती. हा हलला. क्षणात मैदान मोकळं झालं. सुंदरराव कळसाजवळ दिसले, ते तिथे कसे चढले हे त्यांनाही सांगता येत नाही. खाली राहिलो तिघे. काकू, त्यांचा हात धरलेले काका, आणि मी, कारण मला पळता येत नाही.

खऱ्याने दुधाला तोंडही लावलं नाही. माझ्या अंगावरून सरपटत तो कुंपणाच्या गवतात गेला.

"जा बाबा," काकू म्हणाल्या. मग त्यांनी गोळी घेतली, तांब्यातलं उरलेलं दूध स्वतः संपवलं, मला उचलून बिळाच्या तोंडाशी ठेवलं आणि म्हणाल्या, "तू हितंच बस."

तेव्हापासून मी इथे आहे. माझा रंग उडाला, एक डोळा गळाला. माझी आठवण आता एसटीतल्या लोकांनाही राहिली नसेल. त्या तीन विटा परत बसवायला मिस्त्री तीनदा आला आणि तीनदा लांबूनच परत गेला. माकडांपेक्षा मिस्त्री बरा. चावून बघत नाही.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. कुठेही फरशी घालण्याआधी खाली कोण राहतं ते विचारा. दूध नाही दिलं तरी चालेल, दार तेवढं ठेवा. संध्याकाळी खरा नाग येतो, माझ्यावरून आत जातो. मी रबरी आहे हे त्याने पहिल्याच दिवशी ओळखलं, पण अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.