वीतभर लांब लाकडं

मी ट्रॅक्टर बोलतोय. छोटा ट्रॅक्टर. छोटा हे मी आधीच सांगून टाकतो, कारण मला बघणारा प्रत्येक जण पहिल्यांदा तेच म्हणतो. खाली दरीतल्या दुधाच्या गोठ्यांवर मोठे असतात, घराएवढे. आत पंखा, गाणी, गादीची खुर्ची. असोत बापडे. त्यांतल्या एकाने तरी आमच्या झाडीत शिरून, उतारावर, दोन मेपलांच्या मधून, पाठीला ओंडका बांधून खाली येऊन दाखवावं. बूड अडकेल. मग ओढायला मलाच बोलावतील.

जन्म समुद्रापलीकडच्या कारखान्यातला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. नट आवळले, रंग फासला, खोक्यात घातलं. रंग नारिंगी होता. आता कुठला आहे ते विचारू नका.

अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या या डोंगरावर मला हायरम पीझलीने आणलं. तेव्हा त्याची बायको एडा होती. ती हात पुसत अंगणात आली, माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "बाकीचा कधी येणार?"

"एवढाच आहे," हायरम म्हणाला.

"बरं."

त्या घरात यापेक्षा लांब बोलणं क्वचितच व्हायचं. पण दोघांचं छान चाललं होतं. एडा गेली त्यानंतर हायरम माझ्याशी बोलायला लागला, तेही एवढंच. "चल." "थांब." "मूर्खा." तिसरं तो स्वतःला म्हणायचा की मला, ते मी कधी शोधत बसलो नाही.

कामं म्हणाल तर मोजू नका. हिवाळ्यात बर्फ लोटायचा. बर्फ वितळला की रस्त्याचा लगदा होतो, त्यात रुतलेली टपालवाल्या बाईची गाडी ओढून काढायची. ती दर वर्षी तिथेच रुतते आणि दर वर्षी म्हणते, "काल तर इथे काही नव्हतं." नाताळ आला की शेजारची युनिस माझ्या पुढच्या, वरखाली होणाऱ्या लोखंडी बकेटमध्ये उभी राहून चर्चच्या छपराला दिवे लावणार. "वर घे, हायरम! अजून वर! अरे मेल्या, देवाकडे पाठवतोस का मला?"

पण खरं काम लाकडाचं. झाड पाडायचं, ओंडके ओढून आणायचे, कापायचे, मागच्या यंत्रावर फोडायचे, ट्रॉलीत भरायचे आणि शेडमध्ये रचायचे. या डोंगरावर माणसाची पत त्याच्या सरपणाच्या शेडवरून ठरते. कुणाच्या घरी गेलं की माणसं आधी शेडकडे बघतात, मग घरवाल्याकडे. आणि लाकूड प्रत्येकाचं आपापल्या मापाचं. घरातली बिडाची शेगडी केवढी, तिचं पोट किती खोल, त्यावर लाकूड किती लांब कापायचं ते ठरतं. ते माप कुणी कुणाला विचारत नाही. हात आपोआप तिथेच कापतो.

इथली आणखी एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. इथे कुणी कुणाकडे मदत मागत नाही. कुणी देऊ केली तर तो अपमान. पण वस्तू मागून न्यायला हरकत नाही. शिडी न्या, करवत न्या, ट्रॅक्टर न्या. फक्त नेलेली ट्रॉली रिकामी परत आणायची नाही. बटाटे घाला, शेणखत घाला, काहीतरी घाला.

गेल्या वर्षी हायरमच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. त्याची मुलगी लोर्ना शहरात राहते. ती आली, काठी टेकत चालणाऱ्या बापाकडे बघितलं, शेडकडे बघितलं. शेड रिकामी.

"बाबा, बास झालं. माझ्याकडे चला. भिंतीवरचं बटण दाबलं की घर गरम होतं."

"मग मी दिवसभर काय करू? बटण दाबू?"

"नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला येईन," ती म्हणाली. "तोवर शेड छपरापर्यंत भरलेली दिसली तर राहा इथे. नाही दिसली तर घराला कुलूप, आणि या ट्रॅक्टरला गिऱ्हाईक मी आणते."

बाप अडला की लेक नडते, तशी ती नडली. हट्ट कुणाकडून घेतला होता ते मला माहीत आहे. तिला काय दोष द्यायचा?

हायरम लागला कामाला. मला चालवायला त्याला अडचण नव्हती, बसूनच तर चालवायचं. पण वाकणं आणि उचलणं जमेना. एक ढलपी उचलायची, श्वास घ्यायचा, शिवी द्यायची, दुसरी उचलायची. पानं लाल होऊन गळली तरी शेडमध्ये पुढची एकच रांग उभी राहिली होती. मागे अंधार.

मग एक दिवस रॉइस आला. पलीकडच्या वळणावर राहतो. आवाज मोठा, हात मोठे, घर मोठं. माझ्या चाकावर बूट टेकवून उभा राहिला. हवा कशी आहे यावर दोघं बोलले. मागच्या वर्षी कशी होती यावर बोलले. मग रॉइस म्हणाला, "ट्रॅक्टर हवा होता. अर्धा दिवस."

"कशाला?"

"आहे काम."

काम कसलं! मला त्याच्या कोठारामागे उभं केलं, आत जाऊन कॉफी प्यायला, आणि मग ट्रॉली वाळलेल्या फोडलेल्या लाकडांनी भरून मला परत आणलं.

हायरमच्या भुवया वर गेल्या. "हे काय?"

"ट्रॉली रिकामी कशी आणू?"

"अर्ध्या दिवसाला एवढं होत नाही."

"मग फोडून अर्धं कर."

हायरमने काय केलं असेल? दुसऱ्या दिवशी रॉइसकडून शिडी मागून आणली, आणि शिडी परत करताना तीच ट्रॉली तशीच्या तशी त्याच्या दारात नेऊन रिकामी केली. चार दिवसांनी रॉइसने मला परत नेलं आणि तीच लाकडं परत आणली. हायरमने त्याची पहार मागितली. तीच लाकडं वर, तीच लाकडं खाली. दोन्ही म्हातारे गंभीर. एक बर्चच्या झाडाची ढलपी तर माझ्या ओळखीची झाली होती. माझं डिझेल जळत होतं, त्याचं कुणाला काही?

शेवटी युनिस मध्ये पडली. तिने हायरमला डॉक्टरकडे तपासायला न्यायचं ठरवलं. "आज ट्रॅक्टर रॉइसला दे," ती गाडीत बसताना म्हणाली. "दिवसभर. त्याचं कुंपण पडलंय."

त्या दिवशी रॉइसने मला जे पळवलं, त्याची आठवण माझ्या सांध्यांना अजून आहे. संध्याकाळी हायरम गाडीतून उतरला. शेड छपरापर्यंत भरलेली. पुढे त्याची स्वतःची रांग तशीच उभी, मागे सगळी रॉइसची. तो काठी आपटून म्हणाला, "हे मी चालवून घेणार नाही."

"ट्रॅक्टर तूच दिलास," युनिस म्हणाली. "ट्रॉली रिकामी आली नाही. बऱ्याच वेळा आली नाही. रीत आहे. आता गप्प घरात जा."

रीतीपुढे हायरमचं चाललं नाही. त्याने मागच्या रांगांना हातसुद्धा लावला नाही. पुढचीच जाळत राहिला, माझी माझी म्हणत.

थँक्सगिव्हिंगला लोर्ना टर्की घेऊन आली. शेड बघून थबकली. मग तिने बापाकडे असं बघितलं की मला वाटलं, जिंकलो. रॉइस आणि युनिस जेवायला आलेले, सगळे अजून अंगणातच उभे. रॉइसच्या हातात भाजलेल्या घेवड्याचं भांडं. लोर्ना शेगडीत घालायला लाकडं आणायला गेली. पुढची रांग संपत आली होती, म्हणून तिने मागून ओढली. आत गेली. जरा वेळाने एक ढलपी हातात दांडक्यासारखी धरून बाहेर आली.

"बाबा, ही लाकडं कुणाची?"

"माझ्या शेडमध्ये आहेत ना?"

"शेगडीचं दार लागत नाही."

"दार जुनं झालंय."

"दार नाही जुनं. लाकूड वीतभर लांब आहे. सगळीच लांब आहेत!"

"लांब कशी?" रॉइस ओरडला. "बरोबर मापाने कापलीयेत!"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"रॉइस," युनिस म्हणाली, "घेवडा तोंडात घाल आणि गप्प बस."

हायरमने काठी भिंतीला टेकवली. "नाहीत माझी," तो म्हणाला. "पुढची तेवढी माझी. बाकीची याची. लाव कुलूप."

लोर्नाने हातातली ढलपी खाली ठेवली. रॉइस मात्र पेटला. "माझी लाकडं लांब नाहीत. तुझी शेगडी आखूड आहे! स्वयंपाकघरात मावेना म्हणून एडाने बाहुलीची शेगडी घेतली."

"एडाचं नाव काढू नकोस."

"काढीन. मला आवडायची ती. तुझ्यापेक्षा बरी होती." रॉइसने नाक पुसलं. "माझ्या कोठारात आईची मोठी शेगडी पडलीय. नुसती जागा अडवते."

"नको मला तुझं काही."

"तुला कोण देतंय? मला ती हलवायचीय. ट्रॅक्टर हवाय."

हायरमने आभाळाकडे बघितलं. "किती वेळ?"

"तासभर."

"ने."

ती शेगडी म्हणजे लोखंडाची म्हैस. साखळीने बकेटमध्ये बांधली आणि उचलायला लावलं. माझं नाक खाली गेलं, मागची चाकं हवेत. आयुष्यात एवढी शरम वाटली नव्हती.

"मागे वजन टाका!" रॉइस ओरडला.

युनिस चर्चचा कोट सावरत मागे चढली. चाकं टेकेनात.

"युनिस, तू पुरत नाहीस!"

"अख्ख्या जन्मात मला हे पहिल्यांदाच कुणी म्हणालं," युनिस म्हणाली.

मग लोर्ना चढली. शहरातला पांढरा कोट, पायात उंच टाचा, एका हाताने युनिसला आणि दुसऱ्याने माझ्या सीटला धरलेलं. चाकं टेकली. तसेच आम्ही वळणावरून आलो, रॉइस सीटवर बसून एका हाताने हातवारे करत, हायरम दारात उभा राहून शिव्या घालत. माझ्या पुढच्या आसाचं सील त्याच दिवशी फाटलं. तेल अजून गळतं. स्वयंपाकघराचं दार चौकटीसकट काढावं लागलं.

पण शेगडी पेटली. रॉइसचं लाकूड आत बसलं, दार लागलं. घर एवढं तापलं की बर्फ पडत असताना चौघं खिडक्या उघड्या टाकून, बाह्या वर करून टर्की खात बसले. मी बाहेर उभा. लोर्ना कुलपाबद्दल हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

सकाळी गिऱ्हाईक आलं. लोर्नानेच आधी ठरवलेलं. स्वच्छ बूट घातलेला माणूस. हायरम खिडकीत कॉफीचा कप धरून उभा. बाहेर आला नाही. कप मात्र ओठाला लावला नाही त्याने. लोर्ना अंगणात आली.

"चालतो कसा?" माणसाने विचारलं.

लोर्नाने खिडकीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"मनात आलं तर चालतो," ती म्हणाली. "थंडीत रुसतो. धूर एवढा की शेजारीण खोकून बेजार होते. पुढून तेल गळतं, ते बघा."

ते तेवढं खरं होतं.

"आणि बर्फात?"

"बर्फात आम्ही त्याला ढकलतो."

"जाहिरातीत तर लिहिलं होतं की उत्तम स्थितीत आहे."

"जाहिरात मी लिहिली. मला ट्रॅक्टरमधलं काही कळत नाही."

माणूस गेला. लोर्नाने माझ्या बॉनेटवरचा बर्फ झाडला आणि खिडकीकडे तोंड करून ओरडली, "बाबा! पुढच्या वर्षी मे महिन्यातच कापायला घ्या! आणि नव्या शेगडीच्या मापाने कापा!"

"ओरडू नकोस," हायरम म्हणाला. "ऐकू येतं." आणि कॉफी प्यायला.

तर असं आहे. मी इथेच आहे, हायरमही इथेच आहे. दोघांचेही सांधे वाजतात. मोठी शेगडी जास्त खाते, म्हणून कामही वाढलंय. तुमच्याकडे एकच मागणं. कधी या बाजूला आलात आणि कुणी माझी चौकशी केली, तर खरं सांगू नका. म्हणा, बघितलाय आम्ही तो. धूर ओकतो, तेल गाळतो, पैसे पाण्यात जातील. कृपा होईल.