गुणाची पोरं

झुंबरबाईनं भाकरीची टोपली आंब्याखाली ठेवली आणि नातवाच्या झोळीत हात घातला. भटूचा गाल गार लागला. तिनं त्याच्या तळपायाला टिचकी मारली. एरवी एवढ्यावर गाव गोळा होईल असं भोकाड पसरणारं पोर. आज त्यानं बोटसुद्धा हलवलं नाही.

"सुंदर! ए सुंदर, पयत ये!"

सून ओटीतल्या कापसासकट धावत आली.

"याले तू काही दिन्हं का?"

"गोयी दिन्ही, आत्याबाई. लई किरकिर करी राह्यंता."

 पहाटे सून पाण्याला गेली असताना झुंबरबाईनंही त्याला एक गोळी चाटवली होती. सुनेला दिवसभर निवांत वेचता यावं, म्हणून.

गोळ्या तिच्याच हातच्या. सरकारी ठेक्यावरची अफू, जायफळ, थोडा गूळ. भडगावच्या आसपास झुंबरबाईच्या बाळगोळीला तोड नाही असं बाया म्हणत, आणि ते ऐकून ती हरभऱ्याच्या झाडावर चढे. जर्मन लढाईमुळे कापूस तेजीत होता. तान्हं पोर सांभाळत घरी बसायला कुणाला सवड नव्हती. बांधावरच्या आंब्याला झोळ्या टांगलेल्या असत आणि त्यांतून चकार आवाज येत नसे. गुणाची पोरं, असं सगळे कौतुकानं म्हणत. दर वेचणीला त्यातलं एखादं गुणाचं पोर उठायचंच राहून जाई. मग ताप आला, दृष्ट लागली, असं म्हणत त्याला गिरणेकाठी पुरून येत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वेचणी.

पण आता वेळ घालवून चालणार नव्हतं. तिनं टोपलीतला कांदा बुक्कीनं फोडून भटूच्या नाकाशी धरला, त्याच्या तोंडावर गाडग्यातलं पाणी मारलं आणि त्याला खांद्यावर घेऊन आंब्याभोवती चालू लागली. पाठीवर थाप, पायाला चिमटा, पुन्हा कांदा. सुंदर मागं मागं, डोळे पुसत. म्हातारीचे गुडघे एरवी चार पावलांत कुरकुरायचे. आज त्यांचं ऐकायला तिला वेळ नव्हता. ऊन कललं. भाकरी वाळून गेल्या. आणि मग भटूनं तोंड वाकडं केलं, एक शिंक दिली, आणि असा टाहो फोडला की आंब्यावरचे पोपट उडाले.

शेतातून मुकादम तोताराम ओरडला.

"बाई, त्या पोऱ्याले गप कर ना!"

"रडू दे! रडस म्हंजे जित्ता शे!"

तिनं भटूला सुनेच्या हातात दिलं आणि शेजारच्या झोळीशी गेली. आतल्या पोराला चिमटा काढला. मग पुढची झोळी, मग त्याच्या पुढची. कुणाच्या पोटात काय गेलंय, हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? बघता बघता सगळा आंबा रडू लागला. बाया कामं टाकून धावत सुटल्या, त्यांच्यामागून तोताराम.

त्यांच्यात कमलबाईही होती. आंब्याला तिची झोळी नव्हती. मागच्या वेचणीपासून नव्हती.

झुंबरबाईला तोंड मिटून राहता आलं असतं. कमलबाईचं पोर तापानं गेलं हे सगळ्या गावानं मान्य केलं होतं, आणि गावात झुंबरबाईला मान होता. पण तिची छातीच वेगळी. पदर तोंडाला न लावता ती कमलबाईसमोर उभी राहिली.

"कमल, तुना पोऱ्या तापमुये नही गया. मनी गोयीमुये गया."

बाया जागच्या जागी थिजल्या.  रडत होती ती फक्त पोरं.

"आते मी रोज अठेच आंबाखाले बससू. तुम्हना पोरे माले द्या. पन गोयी देवानी नही."

बायांनी आपापलं पोर झोळीतून उचललं. अशा बाईच्या हवाली पोर कोण करणार?

 मग कमलबाईनं सुंदरच्या हातातून भटूला घेतलं आणि आंब्याच्या बुंध्याशी झुंबरबाईसाठी जागा सोडून खाली बसली. भटू अजून रडतच होता. तिनं त्याला छातीशी धरलं, पण गप्प केलं नाही.