नसलेली मुलगी

चौथीच्या वर्गात एके दिवशी ठरलं, की शिंपीणबाईंची धाकटी नाहीच. ठरवलं मॉनिटर मुलीनं, बाकीच्यांनी माना डोलावल्या. मारायचं नाही, चिडवायचं नाही. फक्त तिच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, बस्स. असल्या कामात पोरांची अक्कल काय धावते! वर्गाच्या बाईंना पत्ताही लागला नाही. वर्ग शांत झाला म्हणून त्या खूशच होत्या.

धाकटीनं आधी हाका मारल्या, मग रुसून पाहिलं. रुसवा काढायलाच कुणी नाही, तर तो तरी किती टिकणार? हळूहळू तिलाही ते पटू लागलं. खिडकीतल्या उन्हात धूळ तरंगते तशी ती वर्गात वावरायची. आपले पाय जमिनीला लागतात की नाही, याची तिला खात्री वाटेना. फळ्यावरची अक्षरं आपल्या आरपार जाऊन मागच्यांच्या वह्यांत उतरतात, असं तिला वाटायचं.

एका संध्याकाळी आई नव्या गणवेशासाठी तिचं माप घेत होती. टेप कमरेभोवती आली तेव्हा धाकटीनं विचारलं, “आई, मी दिसते ना गं तुला?”

आईनं तोंडातल्या टाचण्या काढल्या. “न दिसायला काय झालं? ये इकडे,” म्हणत तिनं लेकीला मांडीवर ओढलं. पोरीच्या मनात काय चाललंय ते तिला काही कळलं नाही, पण मांडी उबदार होती.

सोमवारी मॉनिटर आपणहून धाकटीच्या बाकावर येऊन बसली. आता नाहीशी व्हायची पाळी वर्गातल्या एका चष्मेवालीची होती. धाकटीला डबा खायला बोलावलं, तिच्या वेणीचं कौतुक झालं. आपण पुन्हा आहोत, या आनंदानं तिला हसू आवरेना.

सुट्टीत नळापाशी चष्मेवाली एकटीच उभी होती. तळहात उन्हात धरून ती निरखत होती, त्यातून पलीकडचं दिसतं का ते. नळावर आलेली धाकटी ते बघून थांबली. मागे सगळ्याजणी तिची वाट बघत होत्या. पुन्हा तसं तरंगायचं? तिला फार भीती वाटली.

“हात दिसतोय तुझा,” ती म्हणाली. “शाई लागलीय. धू.”

मागच्या सगळ्या माना फिरल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात दोघीजणी नव्हत्या, आणि त्या दोघींची बडबड थांबवता थांबवता बाईंच्या नाकी नऊ आले.