सायकलच्या मुठी

सासऱ्यांच्या जुन्या गोल्फच्या काठ्यांच्या मुठी झिजून पार गुळगुळीत झाल्या होत्या. नव्या परवडेनात, आणि व्याह्यांना, म्हणजे सुनेच्याच वडिलांना, एकदा तरी हरवायचं सासऱ्यांच्या मनात होतं. मग सुनेनं बाळाला कडेवर सांभाळत काठ्यांना चिंध्या गुंडाळल्या आणि वर सायकलच्या मुठी चढवल्या.

व्याह्यांबरोबरच्या सामन्यात शेवटच्या फटक्याला सासऱ्यांनी नेहमीसारखी जोरात काठी फिरवली, पण हातात सायकलची मूठ म्हटल्यावर बोटांनी सवयीनं नसलेला ब्रेक दाबला. काठी मध्येच मंदावली आणि चेंडू अलगद घरंगळत खळग्यात पडला.

"जिंकलो! सूनबाई, ब्रेक झकास लागतोय!"

"कार्टे, लेक कुणाची गं तू?" वडील तणतणले.

"तुमचीच हो बाबा. रुसू नका, तुमच्या काठ्यांना घंटी बसवून देते."