हवेचा रकाना

डोंगरी सायकलच्या सांगाड्याविषयी साताऱ्यात कोणास शंका आली, तर ती माझ्याकडे यावी, असा पंधरा वर्षांचा रिवाज होता. आमच्या सायकल मंडळातील माणूस नवी सायकल घेण्यापूर्वी माझे टिपण वाचत असे, मग दुकानात जात असे. म्हणून राज्य स्पर्धेसाठी सायकल निवडताना माझ्या मुलीने, श्रद्धाने, पहिला प्रश्न मला न विचारता नाथाजींना विचारला, तेव्हा मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

नाथाजी कुंडलचे. लष्कराच्या कार्यशाळेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. वजन ब्याण्णव किलो, बोलणे अगदी मोजके. दर रविवारी जीपच्या पाठीवर सायकल बांधून ते यवतेश्वरच्या डोंगरावर येत.

"काका, मागची बाजू एका सांध्याची घेऊ की चार सांध्यांची?"

"मला काय इचारतीस? बसून बघ. बूड खोटं बोलत न्हाई."

मंडळी हसली. माझ्या टिपणांवर पंधरा वर्षांत कोणी हसले नव्हते.

मी माझा पक्ष मांडला. मागच्या चाकाचा दांडा सांगाड्यावर एकाच सांध्याभोवती फिरत असेल, तर झिजणारे भाग कमी, लाल धूळ शिरायला जागा कमी, आणि दुरुस्ती घरच्या घरी होते. चार सांध्यांच्या रचनेत चाक लहान लहान दुव्यांना लटकते. जितके दुवे, तितक्या कुरकुरी.

"कुरकुरंना तेल हाय की," नाथाजी म्हणाले. "पर उतारावर बिरेक दाबला की तुमची मागनं ताठ हुती, सुमंतराव. माझी चालत राहती."

ते खरे होते. ती उणीव मी स्वतःच एका तळटीपेत नोंदवली होती. हा मनुष्य ती चारचौघांत बोलत होता, आणि श्रद्धा मान डोलावत होती.

पुढच्या रविवारी तुलना ठरली. उतार तोच, टायर तेच, दोन्ही सायकलींवर श्रद्धाच. व्यवस्था अर्थात माझी. मागच्या शॉकअपमध्ये स्वाराच्या वजनाप्रमाणे हवा भरावी लागते. मग स्वाराने बसून पाहायचे आणि शॉकअपच्या दांडीवरचे रबरी कडे किती सरकते ते मोजायचे. हे काम मंडळात नेहमी माझ्याकडेच असे, कारण एवढा धीर दुसऱ्या कोणापाशी नव्हता.

माझी एका सांध्याची सायकल मी श्रद्धाच्या चोपन्न किलोंसाठी नीट बसवली. मग नाथाजींच्या चार सांध्यांच्या सायकलला पंप जोडला. पंपावरचा काटा दोनशे दहावर होता, म्हणजे त्यांच्या वजनाचा. श्रद्धाला एकशे पंचवीस पुरते. हवा सोडण्याच्या बटणावर मी अंगठा ठेवला. त्याच वेळी मागून तिचा आवाज आला, "काका, वळणावर नजर कुठं ठेवू?"

ती आठ वर्षांची असताना हे मी तिला शिकवले होते, याच उतारावर.

मी अंगठा उचलला आणि पंप काढून घेतला. मुलीला पाडावे असा हेतू नव्हता. ताठ सायकलवरूनही ती तेथून सुखरूप येईल, हे मला ठाऊक होते. ती सायकल तिला नकोशी व्हावी, एवढेच मला हवे होते.

माझ्या सायकलवर तिला तीन मिनिटे बारा सेकंद लागले. नाथाजींच्या सायकलवर तीन मिनिटे एकोणीस.

"काका, ही उडवते हो," ती धापा टाकत म्हणाली. "दगडागणिक पाठीत बसते."

नाथाजींनी खाली वाकून रबरी कडे पाहिले. ते अर्ध्यावरही सरकले नव्हते. मोज्यात रुतलेले कुसळ काढून ते इतकेच म्हणाले, "बसत आसंल."

श्रद्धाने वेळा पाहण्यासाठी माझी वही घेतली. "बाबा, दुसऱ्या फेरीचा हवेचा रकाना रिकामा आहे."

"लिहायचा राहिला."

"तुमच्याकडून?"

खरा आकडा लिहिणे मला परवडत नव्हते, आणि खोटा लिहिण्यास हात धजला नव्हता. तिने वही मिटली. मग तिने माझ्या पिशवीतून पंप काढून स्वतःच जोडला. काट्याने दोनशे दहा दाखवले. आम्ही दोघांनी पाहिले. तिने पंप माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, "सोडा."

मी हवा सोडली. श्रद्धा पुन्हा वर गेली आणि तीन मिनिटे चार सेकंदांत खाली आली.

"प्रत्येक वळणावर ब्रेक दाबला," ती म्हणाली. "मागचं चाक जमिनीला चिकटून होतं. हीच घेते." बाकीचे ती कोणाला बोलली नाही.

"आता तुमी बसा, सुमंतराव," नाथाजी म्हणाले.

"मी कशाला?"

"पंधरा वर्सं लिवताय की. एकदा बसा. वजन किती तुमचं?"

"सत्तावन्न."

त्यांनी पंप घेतला आणि गुडघा टेकला. मला बसवले, कडे पाहिले, उतरवले, किंचित हवा भरली, पुन्हा बसवले. कडे केसभर चुकले होते. त्यांनी तिसऱ्यांदा बसवले. मी स्वतःसाठीसुद्धा कधी तिसऱ्यांदा पाहिले नव्हते. त्यांच्या कामात एखादी चूक सापडते का, हे मी मन लावून शोधले. सापडली नाही.

"एकशे तीस," ते उठत म्हणाले.

मी वहीसाठी हात पुढे केला. वही श्रद्धाकडेच होती. तो आकडा तिने लिहिला होता. आणि त्याच्या वर, रिकाम्या राहिलेल्या रकान्यात, दोनशे दहा.